डब्याच्या पोटाखालचे ब्रेक करायचे का? (मोठ्या स्केलची वाघीण, किटमधून)

सांधेवाला
नमस्कार मंडळी,

गेला दीड महिना टेबलावर एक किट उघडून बसलोय. १:२०.३ स्केलचा लाकडी बंद मालडबा आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेच्या तीन फुटी नॅरोगेजवर जे तीस फुटी डबे धावायचे, त्यांच्यावरून घेतलेला. मूळ डबे १९०४ सालचे. मॉडेलची लांबी ४५ सेंटीमीटर भरते, म्हणजे माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. आजवर लहान स्केलचे डबे केले होते, हा पहिलाच मोठा.

सांगाडा झाला, चारही भिंती झाल्या, दारं सरकतात. आता हातात शेवटची पिशवी आहे आणि तिथेच गाडी अडली आहे. ब्रेकचं सगळं सामान त्या पिशवीत आहे: सिलिंडर, हवेची टाकी, तरफा, सळ्या, बारीक साखळी, टर्नबकल (सळी ताणायचा आट्यांचा तुकडा). पाच पानांच्या सूचना आहेत. हे सगळं डब्याच्या पोटाखाली जाणार. घरच्यांचं म्हणणं एकच, डबा रुळावर उभा राहिला की खाली वाकून कोण बघणार आहे?

मला ते पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही. तुम्ही काय करता? सगळं लावता, थोडं लावता की सोडून देता?

कंदील
सोडा. बोग्या लावा आणि पळवा. डबा धावण्यासाठी असतो.

गुण्या
सांधेवाला, ब्रेकचं नंतर बघू. आधी एक सांगा, सांगाडा काटकोनात आहे ना? नुसता गुण्या लावून भागत नाही. समोरासमोरचे कोपरे धरून दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तरच पुढे जा. ४५ सेंटीमीटरच्या डब्यात मिलिमीटरभर फरक असला तरी छप्पर बसवताना एका टोकाला फट दिसते. मग पुट्टी भरा, घासा, पुन्हा भरा. ती फट बुजली तरी आपल्या डोळ्याला कायम दिसत राहते.

खडीवाली
वाचतेय. या धाग्याची फार गरज होती.

निळा_डगला
बाळबोध प्रश्न विचारतो. १:२०.३ हा असला विचित्र आकडा कुठून आला? सरळ १:२० का नाही?

गुण्या
@निळा_डगला, बाळबोध अजिबात नाही. मोठ्या स्केलमध्ये रूळ जवळजवळ सगळ्यांचा एकच असतो, ४५ मिलिमीटर गेजचा. त्या रुळावर कुठली खरी रेल्वे उभी करायची त्यावर स्केल ठरतं. तीन फूट म्हणजे ९१४ मिमी, भागिले ४५, उत्तर २०.३. मीटरगेजसाठी १:२२.५ घेतात, एलजीबी या जर्मन मॉडेल कंपनीने १९६८ साली तेच घेतलं. १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी १:३२ जवळपास बरोबर बसतं. शिवाय १:२९ सुद्धा भरपूर चालतं, पण ते गणितात बसत नाही. त्या हिशेबाने रूळ साडेएकोणपन्नास मिमीचा हवा होता. तरीही त्या डब्यांना एक भरदारपणा येतो म्हणून लोक आवडीने घेतात.

त्यामुळे दोन वेगळ्या स्केलचे डबे एकाच रुळावर धावतात खरे, पण शेजारी उभे केले की एकाच्या दारातून माणूस वाकून आत जाईल आणि दुसऱ्याच्या दारातून हत्ती.

स्वानंदी
कंदील, तुम्ही 'बोग्या लावा' म्हणालात आणि मी क्षणभर गोंधळले. आपण आयुष्यभर अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणत आलो. खरी बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी. अमेरिकेत तिला ट्रक म्हणतात, म्हणजे गोंधळात आणखी भर.

कंदील
आणि मालडब्याला वाघीण! लहानपणी पेपरात 'मालगाडीच्या सहा वाघिणी घसरल्या' वाचून मी घरभर विचारत सुटलो होतो, गाडीत वाघिणी कशासाठी नेत होते?

स्वानंदी
वॅगनची वाघीण ज्या कोणी केली त्याला माझा नमस्कार. सांधेवाला, तुमच्या वाघिणीचे पंजे बसवा म्हणजे ब्रेकबद्दल बोलता येईल.

वाफेचा_भोंगा
मी सगळं लावणाऱ्यांपैकी आहे. कारण सांगतो.

मी पहिला मोठा डबा केला तेव्हा सूचना वाचत, क्रमांक बघत एकेक तुकडा चिकटवत गेलो. समजलं काहीच नाही. दुसऱ्या डब्याच्या वेळी आधी कागदावर हवेचा रस्ता काढला. डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक नळी जाते, तीच गाडीभर जोडलेली असते. तिच्यातल्या हवेने प्रत्येक डब्याखालची टाकी भरून राहते. ड्रायव्हरने नळीतली हवा सोडली की दाब उतरतो, डब्याखालच्या झडपेला, म्हणजे ट्रिपल व्हॉल्व्हला, ते कळतं आणि तो टाकीतली हवा सिलिंडरमध्ये सोडतो. सिलिंडरचा दांडा बाहेर येतो, तरफ फिरते, तरफेला जोडलेली सळी बोगीकडची तरफ ओढते आणि ब्रेकचे ठोकळे चाकाला भिडतात. यातली गोम अशी की गाडी मध्येच तुटली, नळी फाटली, तरी दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. अमेरिकन संशोधक वेस्टिंगहाउसने १८७२ साली ही उलटी युक्ती काढली. त्याच्या १८६९ च्या पहिल्या ब्रेकमध्ये नळी तुटली की ब्रेकच जायचे.

हे एकदा डोक्यात बसलं की पिशवीतला एकही तुकडा अनोळखी राहत नाही. ही तरफ इथे का, ती सळी तिरकी का, सगळं स्वतःच बोलायला लागतं. मी पाच पानांच्या सूचना बाजूला ठेवल्या आणि हवा जाईल तसं लावत गेलो. तीन संध्याकाळी लागल्या. त्या छंदातल्या माझ्या सगळ्यात आनंदाच्या तीन संध्याकाळी होत्या.

खडीवाली
+१. भोंगाकाका, हे वाचून मी माझा तयार विकत घेतलेला डबा उलटा करून बघितला. खाली फक्त एक गुळगुळीत ठोकळा आहे आणि त्यावर सिलिंडरचा उंचवटा. वाईट वाटलं.

मधली_फळी
मी 'थोडं लावा' म्हणणारी आहे.

आमचा रूळ बागेत आहे, कमरेच्या उंचीवर. गाडी बाजूने दिसते, मागून उजेड येतो. अशा वेळी दोन बोग्यांच्या मधली मोकळी जागा अगदी नजरेत भरते. तिथे काय दिसतं? ट्रस रॉडची (डब्याला खालून ताण देणाऱ्या सळ्यांची) लोंबती रेघ, त्यांना टेकू देणारे खांब, सिलिंडरचा गोल आणि नळीची आडवी रेष. एवढं नीट असलं की डबा खरा वाटतो. त्याच्या आत, मधल्या दोन तुळयांच्या पलीकडे ज्या तरफा आणि पिना असतात त्या कोणत्याही कोनातून दिसत नाहीत. त्या मी करत नाही. तो वेळ मी छपरावर आणि रंगावर घालवते, कारण बागेत उभं राहिलं की सगळ्यात जास्त छप्परच दिसतं.

छपराच्या मधोमध चालायची फळी असते ना, ती घाईत सपाट चिकटवू नका. खाली छोटे टेकू असतात आणि फळी छपरापासून सुटी, किंचित उचललेली असते. हवेच्या ब्रेकआधी ब्रेकमन त्याच फळ्यांवरून डब्यामागून डबा चालत हाताने ब्रेक आवळायचे, बर्फ असो की वारा. म्हणून तर हातब्रेकचं चाक छपरापेक्षा वर काढलेलं असतं. अमेरिकेत १८९३ च्या कायद्याने हवेचे ब्रेक आणि आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे झाले, त्यामागे या माणसांचे जीव आणि बोटं होती. मला ती फळी लावताना दर वेळी त्यांची आठवण होते.

वाफेचा_भोंगा
@मधली_फळी, ताई, शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून आभार. बाकी तरफांबद्दल आपलं जमायचं नाही.

लाकूडगोष्टी
ट्रस रॉडचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी.

खऱ्या डब्यात त्या सळ्या लाकडी तुळयांना खालून ताण देतात, म्हणजे वजनाने डबा मध्ये खचू नये. मधलं टर्नबकल आवळलं की डब्याचा मध्य वर उचलला जातो. मॉडेलच्या टर्नबकलला खरे आटे असतील तर तेही तसंच काम करतं! मी पितळेची दीड मिमीची तार घातली होती आणि ती छान ताठ दिसावी म्हणून चारही आवळली. सकाळी डबा काचेवर ठेवला तर मध्य जवळजवळ दोन मिमी वर आणि दोन चाकं अधांतरी. बासवुडच्या, म्हणजे मऊ लाकडाच्या, तुळया रात्रभरात वाकल्या होत्या. सळ्या सोडल्या तरी तो बाक पूर्ण गेला नाही, मग वजन ठेवून आठवडाभर सरळ करत बसलो.

तेव्हा तार सरळ दिसेल इतकीच घ्या. ताण अजिबात देऊ नका. आणि सळ्यांची भोकं जमिनीच्या फळ्या चिकटवण्याआधी पाडा, नंतर ड्रिलला जागा मिळत नाही.

सांधेवाला
@लाकूडगोष्टी, थोडक्यात वाचलो! टर्नबकल आवळायला चिमटा हातात घेतला होता.

@गुण्या, कर्ण मोजले. अर्ध्या मिमीचा फरक आहे. चालेल?

गुण्या
चालेल. छप्पर बसवताना जास्त भरणारा कोपरा पॉलिश पेपरवर दोन हात घासा.

निळा_डगला
लाकूड वाकतं म्हणता तर प्लास्टिकचं किट घेतलेलं बरं का?

लाकूडगोष्टी
दोन्हीचे आपापले हट्ट असतात. लाकडाला एकाच बाजूने रंग दिला की दुसरी बाजू हवेतला ओलावा घेते आणि फळी पन्हळीसारखी वळते. म्हणून आत कोणी बघणार नसलं तरी आतूनही अस्तराचा एक हात द्यायचा. बाकी लाकडाला लाकडासारखं दाखवावं लागत नाही. बारीक तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेने दोनदा ओढलं की काम झालं.

प्लास्टिकचा सांधा पातळ सॉल्व्हंटने वितळून एकजीव होतो, मजबूत. पण भागांवर साच्याचं तेल राहिलेलं असतं. ते भांडी घासायच्या साबणाने आधी धुतलं नाही तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. आणि बंद डब्यात सॉल्व्हंट भरपूर वापरून लगेच छप्पर लावलं तर आतल्या वाफेने भिंती मऊ पडून आत येतात. जमिनीला एक भोक ठेवायचं, श्वास घ्यायला.

सिग्नल_पडला
वजनाबद्दल कोणीच बोललं नाही अजून. रिकामा लाकडी डबा हलका असतो. लांब गाडीत तो पुढच्या बाजूला लागला की वळणावर मागच्या डब्यांचा ओढा त्याला आतल्या बाजूला खेचतो आणि तो आडवा होतो. माझे या मापाचे डबे मी एक ते सव्वा किलोपर्यंत नेतो, आणि सगळं वजन जमिनीवर, बोग्यांच्या वर. उंच ठेवलं तर डबा डुलतो. प्लास्टिकची चाकं काढून धातूची घातली तरी वजन अगदी योग्य जागी, सगळ्यात खाली वाढतं. या डब्याचं खरं चाक २६ इंची होतं, म्हणजे मॉडेलमध्ये साडेबत्तीस मिमीच्या आसपास.

एक कळकळीची विनंती. वजनासाठी शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात कालवून बंद जागेत ओतू नका. काही वर्षांनी त्या शिशावर पांढरी बुरशीसारखी पूड चढते, ती फुगते आणि सांधे फोडून बाहेर येते. माझ्या एका इंजिनाची टाकी अशी उकलली. मी ते इंजिन सात महिने खपून केलं होतं. लोखंडी पट्ट्या घ्या, एपॉक्सीने बसवा.

खडीवाली
अरेरे. सात महिने.

सिग्नल_पडला
दुरुस्त केलं ताई. पण रंग पुन्हा तसा जुळला नाही.

चाकोरी
उशिरा आले, पण बोग्यांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवीन डबा रुळावरून उतरतो तेव्हा लोक रुळाला दोष देतात. बहुतेक वेळा दोष बोगीच्या स्क्रूत असतो.

तिवईचं तत्त्व लक्षात ठेवा. तीन पायांची तिवई कशाही जमिनीवर डुगडुगत नाही, चार पायांचं स्टूल डुगडुगतं. एका बोगीचा स्क्रू असा आवळायचा की ती फक्त डावी-उजवीकडे वळेल आणि जरा पुढे-मागे झुकेल, कडेला झुकणार नाही. दुसऱ्या बोगीचा स्क्रू सैल, ती सगळीकडे डोलली पाहिजे. म्हणजे एकीचे दोन टेकू, दुसरीचा एक. माझी परीक्षा अशी: एका चाकाखाली दोन मिमीची पट्टी सरकवते. बाकी सगळी चाकं रुळाला टेकलेली राहिली तर डबा पास.

आणि चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर गेजने तपासा. किटमधली चाकं आसावर हाताने दाबलेली असतात, कधी जवळ येतात कधी लांब जातात. सांध्यावर गाडी उडते ती यामुळेच. सांधेवाल्यांना हे मी काय सांगावं!

सांधेवाला
चाकोरीताई, सांगाच. दोन मिमीच्या पट्टीची परीक्षा आत्ता केली, नापास. एक स्क्रू अर्धा फेरा सैल केला, पास!

कंदील
कपलर कुठे लावताय, डब्याला की बोगीला? तुमचं वळण किती?

सांधेवाला
सगळ्यात लहान वळण ६०० मिमी त्रिज्येचं आहे. डब्याला लावायचे असं ठरवलं होतं.

कंदील
६०० वर हा डबा, कपलर डब्याला... अवघड आहे. वळणावर डब्याचं टोक रुळाच्या बाहेर जातं आणि शेजारच्या डब्याला बाजूला ओढतं. डब्याला लावलेला कपलर दिसायला सुंदर आणि गाडी मागे ढकलताना फार गुणी. बोगीला लावलेला लहान वळणावर निभावतो, पण लांब गाडी मागे ढकलली की बोगी आडवी व्हायला बघते. जमलं तर वळणच मोठं करा. काहीही लावा, पण उंची मात्र गेज लावून सगळ्या डब्यांची एकच ठेवा, नाहीतर चढावर गाडी सुटते.

स्वानंदी
रंग कुठला देणार? आणि अक्षरं?

सांधेवाला
गेरूसारखा तांबडा. किटमध्ये 'डी. अँड आर. जी. डब्ल्यू.' अशी अक्षरं दिली आहेत.

वाफेचा_भोंगा
थांबा. डबा कुठल्या सालचा दाखवणार? १९०४ चा कोरा डबा दाखवायचा असेल तर 'डब्ल्यू' चालणार नाही. 'वेस्टर्न' हे नाव १९२० नंतर आलं. त्याआधी नुसतंच डेन्व्हर अँड रिओ ग्रँड. आणि ती नॅरोगेजवरची मालवाहतूक १९६८ पर्यंत चालली, म्हणजे तुमच्याकडे निवडायला साठेक वर्षं आहेत. पुढच्या काळातला, उन्हाने विटलेला डबा केलात तर किटमधली अक्षरं बिनधास्त लावा.

मधली_फळी
अक्षरं लावण्याआधी तेवढ्या भागावर चकचकीत वार्निशचा हात द्या. मॅट रंगावर डेकल (अक्षरांची पातळ चिकटपट्टी) लावलं की खाली हवा राहते आणि कडा चंदेरी दिसतात. शेवटी सगळ्यावर मॅट. फळ्यांच्या खाचांवरून गेलेलं डेकल वाळल्यावर धारदार ब्लेडने खाचेत हलकेच कापायचं आणि पुन्हा डेकल मऊ करणाऱ्या सेटिंग द्रवाचा थेंब सोडायचा. मग अक्षर रंगवल्यासारखं फळीत बसतं. ऊन-पावसाचा डाग खडूच्या पुडीने, ब्रश वरून खाली ओढत. पाणी जसं ओघळेल तसं.

सांधेवाला
तीन आठवड्यांनी आलो. सगळ्यांचे आभार, आणि निकाल सांगतो: सगळं लावलं.

भोंगाकाकांसारखा आधी हवेचा रस्ता कागदावर काढला. नळी दोन मिमी पितळी तारेची केली, वळणं तुळयांच्या कडेने काढली. सिलिंडर आणि टाकी एकाच तुकड्यात आहे, त्यामुळे तो आधी बसवून सगळी मापं त्याच्यापासून घेतली. तरफांना भोकं पाडताना ०.५ मिमीचं ड्रिल दोनदा तुटलं, मग पितळेला आधी सुईने टोचा मारून घेतला आणि पुढे एकही तुटलं नाही. साखळी काळी करून हातब्रेकच्या दांड्याला दोन वेढे दिले.

चाकोरी
सांधेवाला, ब्रेकच्या आडव्या दांड्या पितळेच्या केल्या का? चाकं धातूची घातली असतील आणि रुळातून वीज देत असाल तर जपा. आस एका बाजूला इन्सुलेटेड असतो, पण पितळी दांडी आणि तिच्या दोन टोकांचे ठोकळे दोन्ही चाकांना टेकले की थेट शॉर्ट.

सांधेवाला
ताई, बरं झालं विचारलंत. दांड्या पितळेच्याच होत्या. तुमचा प्रतिसाद वाचून लगेच मीटर लावला. एका बाजूला ठोकळा आणि चाक यांच्यात जेमतेम कागद जाईल एवढी फट होती. चारही दांड्या काढल्या, प्लास्टिकच्या पट्टीतून नव्या कापल्या. परवा दिवसभर तेच केलं.

वाफेचा_भोंगा
हातब्रेक फिरवला की काही हलतं का? माझ्या एकाही डब्यात ते जमलेलं नाही.

सांधेवाला
काका, तेच सांगायला आलो होतो. पिना चिकटवल्या नाहीत, तारेची टोकं मागून फक्त चेपली. काल रात्री डबा आडवा ठेवला, छपरावरचं चाक चिमट्याने पाव फेरा फिरवलं. साखळी ताणली, सिलिंडरजवळची तरफ अर्धा मिमी सरकली, तिच्यामागून लांब सळी गेली आणि लांबच्या बोगीतला ठोकळा चाकाला टेकला. घरच्यांना हाक मारली. सगळे टेबलाभोवती खाली वाकून बघत होते.

वाफेचा_भोंगा
व्हिडिओ टाका. आत्ताच्या आत्ता.

खडीवाली
आणि त्या साखळीचा जवळून फोटो. मी तयार डब्याखालचा तो ठोकळा आज कापून काढलाय.